सप्टेंबर १९४१ ची भेट, एक नाटक आणि मुदतीआधी उघडलेले दप्तर

(१)
सप्टेंबर १९४१. डेन्मार्क जर्मनीच्या ताब्यात जाऊन दीड वर्ष होत आले होते. कोपनहेगनमध्ये राहणाऱ्या नील्स बोर यांना भेटायला जर्मनीहून एक पाहुणा आला, वेर्नर हायझेनबर्ग. बोर पंचावन्न वर्षांचे, पाहुणा एकोणचाळीसचा. गुरू-शिष्याचे, जवळजवळ बापलेकाचे नाते. त्या आठवड्यात कधीतरी दोघांत एक संभाषण झाले आणि ते नाते तुटले. काय बोलणे झाले, याबद्दल इतिहासकार आजही भांडत आहेत. या भांडणातले सर्वांत महत्त्वाचे कागद उजेडात आले ते एका नाटकामुळे. या सूत्रात त्याची हकीकत.

(२)
आधी थोडी पार्श्वभूमी. १९२२ च्या उन्हाळ्यात ग्योटिंगेन येथे बोर यांची व्याख्याने झाली. विशीतल्या हायझेनबर्ग यांनी भर सभेत उभे राहून त्यांच्या एका विधानावर आक्षेप घेतला. बोर रागावले नाहीत. व्याख्यानानंतर त्यांनी या पोराला आपल्यासोबत डोंगरावर फिरायला नेले. पुढे १९२७ मध्ये हायझेनबर्ग यांनी अनिश्चिततेचे तत्त्व मांडले ते कोपनहेगनमध्येच, बोर यांच्या संस्थेत.

(३)
डिसेंबर १९३८ मध्ये बर्लिन येथे हान आणि श्ट्रासमान यांच्या प्रयोगांतून युरेनियमच्या केंद्रकाचे विखंडन हाती लागले आणि माइट्नर व फ्रिश यांनी त्याचा अर्थ लावला. या विखंडनाची उपपत्ती सांगणारा बोर आणि व्हीलर यांचा लेख १ सप्टेंबर १९३९ रोजी प्रसिद्ध झाला. त्याच दिवशी जर्मन फौजा पोलंडमध्ये शिरल्या.

(४)
म्हणजे १९४१ मध्ये बोर यांच्या दारात उभा असलेला मनुष्य केवळ जुना शिष्य नव्हता. जर्मनीच्या युरेनियम संशोधनातले ते सर्वांत मोठे नाव होते. येण्याचे निमित्त होते जर्मन सांस्कृतिक संस्थेने भरवलेली खगोलभौतिकीची परिषद. व्यापलेल्या देशात जेत्याने भरवलेल्या परिषदेला बोर आणि त्यांचे सहकारी गेले नाहीत. बोर यांची आई ज्यू होती, हेही ध्यानात ठेवावे. दोनच वर्षांनी, सप्टेंबर १९४३ च्या अखेरीस, अटक टाळण्यासाठी त्यांना रातोरात समुद्रमार्गे स्वीडन गाठावे लागले.

(५)
युद्ध संपले. हायझेनबर्ग यांच्यासह दहा जर्मन शास्त्रज्ञांना इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या फार्म हॉल नावाच्या घरात जुलै १९४५ पासून सहा महिने ठेवण्यात आले. बाग होती, पियानो होता, जेवणखाण उत्तम होते आणि भिंतींत चोरून मायक्रोफोन बसवलेले होते. ६ ऑगस्टच्या संध्याकाळी हिरोशिमाची बातमी आली तेव्हा हायझेनबर्ग यांचा तिच्यावर प्रथम विश्वासच बसला नाही. ही संभाषणे टिपली गेली, पण त्यांच्या नोंदी जगासमोर आल्या १९९२ मध्ये. तोवर सत्तेचाळीस वर्षे उलटली होती.

(६)
मधल्या काळात एक कहाणी रूढ झाली. १९५६ मध्ये पत्रकार रॉबर्ट युंक यांचे अणुबाँबच्या इतिहासावरचे जर्मन पुस्तक निघाले. जर्मन शास्त्रज्ञांनी सद्‌सद्‌विवेकाला स्मरून बाँब होऊ दिला नाही, असा त्याचा सूर होता. हायझेनबर्ग यांनी युंक यांना लिहिलेल्या पत्रातील मजकूर पुढे पुस्तकाच्या डॅनिश आवृत्तीत आला. कोपनहेगनची भेट तीत अशी रंगते : रात्रीचा फेरफटका, सावध शब्दांत विचारलेला नैतिक प्रश्न, बोर यांचा धसका आणि त्यातून झालेला गैरसमज.

(७)
१९५७ मध्ये बोर यांनी ही आवृत्ती वाचली. ते संतापले आणि हायझेनबर्ग यांना उत्तर लिहायला बसले. एक मसुदा झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. काही त्यांच्या स्वतःच्या अक्षरात आहेत, काही त्यांनी सांगितले आणि इतरांनी उतरवून घेतले. एकही टपालात पडला नाही. पहिला मसुदा युंक यांच्या पुस्तकाच्या प्रतीत खोचलेला राहिला. १९६२ मध्ये बोर वारले, तेव्हा तो सापडला. कुटुंबीयांनी हे कागद संग्रहात ठेवले, पण मृत्यूनंतर पन्नास वर्षे, म्हणजे २०१२ पर्यंत, ते खुले होणार नव्हते.

(८)
आता नाटककार. मायकेल फ्रेन हे इंग्रज लेखक. केंब्रिजला तत्त्वज्ञान शिकलेले, पण लोकांना ठाऊक ते फार्समुळे. दारे आपटणारे आणि प्रेक्षकांना गडाबडा लोळवणारे. थॉमस पॉवर्स यांचे हायझेनबर्ग यांच्यावरील १९९३ चे पुस्तक त्यांच्या वाचनात आले. माणूस एखादी गोष्ट का करतो हे दुसऱ्याला, किंबहुना त्याचे त्याला तरी, कधी नेमके कळते का, हा फ्रेन यांचा जुना प्रश्न. कोपनहेगनच्या भेटीत त्यांना त्याचे मूर्त रूप सापडले.

(९)
२८ मे १९९८ रोजी लंडनच्या नॅशनल थिएटरमधील कॉटस्लो या छोट्या रंगमंचावर 'कोपनहेगन' उभे राहिले. दिग्दर्शक मायकेल ब्लेकमोर. पात्रे तीन : बोर, त्यांच्या पत्नी मार्ग्रेथ आणि हायझेनबर्ग. तिघेही मेलेले. रंगमंच जवळपास रिकामा. काही प्रेक्षक पात्रांच्या पाठीमागे अर्धवर्तुळात, न्यायालयातल्या पंचांसारखे बसवलेले. मेल्यानंतर तिघे ती संध्याकाळ पुन्हा पुन्हा जगून पाहतात. दर वेळी दार वाजते, दर वेळी पाहुणा आत येतो आणि दर वेळी संभाषणाचा नवा मसुदा तयार होतो.

(१०)
मार्ग्रेथ यांचे पात्र नसते, तर हे नाटक दोन पंडितांची चर्चा होऊन बसले असते. दोघे पुरुष समीकरणांत रमू लागले की ही बाई त्यांना जमिनीवर आणते. पाहुण्याचा हेतू उदात्त होता, ही गोष्ट तिला अजिबात पटत नाही. तो आपली नवी प्रतिष्ठा मिरवायला आला होता, असे तिचे मत. नाटककाराने तिला इतिहासकाराची जागा दिली आहे, आणि ती शोभून दिसते.

(११)
नाटकाचा कणा मात्र एक गणित आहे. ते समजून घेण्यासारखे आहे. शुद्ध युरेनियम-२३५ च्या गोळ्यात एक केंद्रक फुटले की न्यूट्रॉन बाहेर पडतात. ते इतर केंद्रकांवर आदळत वेडेवाकडे भटकतात. गोळा लहान असेल तर बरेचसे न्यूट्रॉन पृष्ठभागातून निसटतात आणि साखळी विझते. पुरेसा मोठा असेल तर निसटणाऱ्यांपेक्षा नवे जन्मणारे जास्त होतात, आणि स्फोट. किती मोठा म्हणजे पुरेसा? म्हणजेच क्रांतिक वस्तुमान किती? विसरणाचे समीकरण सोडवले की उत्तर मिळते.

(१२)
मार्च १९४० मध्ये बर्मिंगहॅममध्ये फ्रिश आणि पायर्ल्स या दोन निर्वासितांनी हे गणित केले. त्यांचे उत्तर आले किलोभराच्या आसपास. आकडा खऱ्यापेक्षा बराच कमी होता, पण त्यामुळेच ब्रिटन आणि पुढे अमेरिका कामाला लागली. फार्म हॉलमध्ये पहिल्या रात्री हायझेनबर्ग बोलत होते ते टनाच्या हिशोबात. आठवडाभराने, १४ ऑगस्टला, त्यांनी सहकाऱ्यांना जे व्याख्यान दिले त्यात मात्र गणित बरेचसे बिनचूक होते. याचा अर्थ, मनावर घेतले असते तर हे काम आठवड्याचे होते. मग युद्धाच्या सहा वर्षांत ते का केले नाही? करायचे नव्हते म्हणून? की अशक्य आहे असे आधीच ठरवून टाकले म्हणून? नाटक या फटीत पाचर मारते : त्या संध्याकाळी बोर यांनी रागावून तोंड फिरवण्याऐवजी 'हिशोब केलास का?' एवढेच विचारले असते तर?

(१३)
नाटक गाजले. भौतिकशास्त्रातली एवढी चर्चा लोक अडीच तास टक लावून ऐकतील, असे कुणालाच वाटले नव्हते. प्रयोग चालू असतानाच एक गंमत घडली. फ्रेन यांना एका अपरिचित बाईचे पत्र आले. फार्म हॉलमध्ये राहत असताना फरशीखाली जुने जर्मन कागद सापडले होते, असे ती लिहीत होती. सोबत नमुन्याची पाने होती. फ्रेन हरखले. पाने लावण्यात त्यांनी बरेच दिवस घालवले. त्यांत निघाल्या टेबल टेनिसचे टेबल जुळवण्याच्या सूचना! फ्रेन यांना त्यातही गुप्त संकेत दिसू लागले. अखेर कळले, की हे सारे बनावट कागद नाटकात बोर यांची भूमिका करणारे नट डेव्हिड बर्क यांनी रचले होते. या फजितीवर पुढे दोघांनी मिळून पुस्तक लिहिले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ते जरूर वाचावे : बनावट कागदाला गिऱ्हाईक मिळते ते कागदाच्या सफाईमुळे कमी आणि वाचणाऱ्याच्या आशेमुळे अधिक.

(१४)
एप्रिल २००० मध्ये नाटक न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आले आणि त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट नाटकाचे टोनी पारितोषिक त्याने पटकावले. हे यश एकाकी नव्हते. याच शहरात, मॅनहॅटनच्या पश्चिम कडेला ५२ व्या रस्त्यावर, आन्साम्बल स्टुडिओ थिएटर नावाची एक लहानशी नाट्यसंस्था आहे. आल्फ्रेड स्लोन फाउंडेशनच्या साहाय्याने तिने १९९८ पासून एक उपक्रम चालवला : विज्ञान आणि तंत्रज्ञान यांवर नवी नाटके लिहवून घेणे आणि त्यांचा महोत्सव भरवणे. महोत्सवाचे नाव 'फर्स्ट लाइट'. नव्या दुर्बिणीत पहिल्यांदा आकाशाचा उजेड शिरतो, त्या क्षणाला खगोलशास्त्रज्ञ हेच नाव देतात.

(१५)
पद्धत साधी आहे. नाटककाराने कल्पना मांडायची. पसंत पडली तर लिहिण्यासाठी पैसे मिळतात. मग अभिवाचन, त्यावर चर्चा, कार्यशाळा. शास्त्रज्ञ शेजारी बसून चुका दाखवतात. त्यातून मोजकीच संहिता पूर्ण प्रयोगापर्यंत पोहोचते. अनुदानावर लिहिलेले नाटक प्रचारकी होईल, ही भीती रास्त होती. प्रत्यक्षात या रंगमंचावर गाजलेली नाटके विज्ञानाची आरती ओवाळणारी नाहीत.

(१६)
उदाहरणार्थ, २००१ मध्ये तेथे झालेले पॉल मलिन यांचे 'लुई स्लॉटिन सोनाटा'. स्लॉटिन हे पस्तीस वर्षांचे कॅनेडियन शास्त्रज्ञ. २१ मे १९४६ रोजी लॉस अलामोस येथे ते प्लुटोनियमच्या गोळ्यावर बेरिलियमची अर्धगोल वाटी हळूहळू खाली आणून दाखवत होते. वाटी पूर्ण मिटू नये म्हणून मध्ये धरलेला होता एक साधा स्क्रूड्रायव्हर. तो निसटला. निळा प्रकाश चमकला. स्लॉटिन यांनी हाताने वाटी उलथून टाकली. खोलीत आणखी सात जण होते. ३० मे रोजी स्लॉटिन वारले. त्याच गोळ्याने आदल्या वर्षी हॅरी डॅग्लियन या तरुण शास्त्रज्ञाचा बळी घेतला होता. सहकाऱ्यांना वाचवणारा वीर की सहकाऱ्यांना धोक्यात घालणारा बेफिकीर मनुष्य? दस्तऐवज दोन्ही सांगतात, आणि नाटकही कुणाची बाजू घेत नाही.

(१७)
दुसरे उदाहरण अधिक अवघड आहे. २०१० मध्ये याच रंगमंचावर ॲना झीग्लर यांचे 'फोटोग्राफ ५१' झाले. रोझलिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेत मे १९५२ मध्ये रेमंड गॉसलिंग यांनी टिपलेले डीएनएचे क्षकिरण-चित्र हा त्याचा विषय. ते चित्र जानेवारी १९५३ मध्ये मॉरिस विल्किन्स यांनी फ्रँकलिन यांना न विचारता जेम्स वॉटसन यांना दाखवले. फ्रँकलिन १९५८ मध्ये वारल्या, अवघ्या ३७ व्या वर्षी. १९६२ चे नोबेल तिघा पुरुषांना मिळाले. या नाटकामुळे फ्रँकलिन यांचे नाव घरोघरी गेले, हे त्याचे श्रेय निःसंशय मोठे आहे.

(१८)
परंतु चित्र पाहताच कोडे सुटले, हा नाट्यमय प्रसंग मुळात आला कुठून? १९६८ च्या वॉटसन यांच्याच पुस्तकातून. २०२३ मध्ये मॅथ्यू कॉब आणि नॅथॅनियल कम्फर्ट या अभ्यासकांनी 'नेचर' मध्ये दाखवून दिले, की त्या एका चित्राला फाजील महत्त्व मिळाले आहे. त्यांना १९५३ सालचा, 'टाइम' साप्ताहिकासाठी लिहिलेला पण कधीच न छापलेला एक लेख सापडला. त्यात हे काम दोन जोड्यांचे, बरोबरीचे म्हणून वर्णिले होते. फ्रँकलिन लुटल्या गेलेल्या अबलेपेक्षा समान भागीदार अधिक ठरतात. ज्या वॉटसननी त्यांची हेटाळणी केली, त्यांचीच कथा नाटकाने उलट्या बाजूने चालवली.

(१९)
नाटक जुन्या दंतकथेला असा नवा शेंदूर फासू शकते. 'कोपनहेगन'वरही तोच आरोप झाला. पॉल लॉरेन्स रोझ यांच्यासारख्या इतिहासकारांचे म्हणणे होते, की नाझी राजवटीसाठी काम करणाऱ्या मनुष्याला अनिश्चिततेच्या धुक्यात दडवून फ्रेन यांनी दोषमुक्त केले. व्यापलेल्या देशातला यजमान आणि व्यापणाऱ्या देशातला पाहुणा यांना एकाच पारड्यात कसे तोलता? आक्षेप जड होता. फ्रेन यांनी पुस्तकाच्या पुरवणीत उत्तरे दिली आणि काही मुद्दे मान्यही केले.

(२०)
वादात एक बाब पुन्हा पुन्हा वर येऊ लागली : न पाठवलेले पत्र. विज्ञानेतिहासकार जेराल्ड होल्टन यांनी ते पूर्वी पाहिले होते आणि त्यातला मजकूर हायझेनबर्ग यांना अनुकूल नाही, एवढे सूचित केले होते. परिसंवादांवर परिसंवाद झाले, कुजबुज वाढली. अखेर तर्ककुतर्क थांबावेत म्हणून बोर कुटुंबीयांनी मुदतीआधी दप्तर उघडण्याचे ठरवले. ६ फेब्रुवारी २००२ रोजी नील्स बोर संग्रहाने अकरा कागद प्रसिद्ध केले. ठरल्या वेळेपेक्षा दहा वर्षे आधी.

(२१)
कागद काय सांगतात? बोर लिहितात, की संभाषणाचा शब्द न् शब्द आपल्याला आठवतो. जर्मनीत हायझेनबर्ग यांच्या नेतृत्वाखाली अण्वस्त्रासाठी सर्व काही केले जात आहे, अशीच आपली पक्की समजूत झाली. नैतिक संकोचाचा, काम रोखण्याच्या इच्छेचा त्यांत मागमूस नाही. शिवाय बोलणे झाले ते संस्थेतल्या आपल्या खोलीत, असे बोर म्हणतात. हायझेनबर्ग यांच्या आठवणीत तो रस्त्यावरचा फेरफटका होता. जागासुद्धा जुळत नाही.

(२२)
अनेकांनी लगेच निकाल देऊन टाकला. इथे मात्र मराठी वाचकाला एक जुना धडा आठवायला हरकत नाही. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापली ती एका आग्रहापायी : बखरीपेक्षा समकालीन अस्सल कागद मोठा. शिवछत्रपतींच्या निधनानंतर दीडएक दशकाने लिहिलेल्या सभासदाच्या बखरीलाही आपण पत्रांवर घासून पाहतो. हायझेनबर्ग यांचे युंक यांना लिहिलेले पत्र भेटीनंतर पंधरा वर्षांचे. बोर यांचे मसुदे सोळा वर्षांचे आणि त्यापुढचे, तेही प्रतिपक्षाची कैफियत वाचून रागात लिहिलेले. बोर अधिक विश्वसनीय वाटतात, त्यांना खोटे बोलण्याचे कारण नव्हते, हे खरे. तरी अस्सलपणाच्या कसोटीवर दोन्ही कागद बखरीच्याच जातीचे.

(२३)
समकालीन कागद पुढच्याच वर्षी निघाला. २००३ मध्ये हायझेनबर्ग कुटुंबीयांनी एक पत्र प्रसिद्ध केले. ते वेर्नर यांनी पत्नी एलिझाबेथ यांना त्याच आठवड्यात, कोपनहेगनमधूनच, टप्प्याटप्प्याने लिहिले होते. त्यातून कळते, की भेट एकदाच झाली नव्हती. बोर यांच्या घरी ते एकापेक्षा अधिक संध्याकाळी गेले. एकदा बोर यांनी काही वाचून दाखवले आणि पाहुण्याने पियानोवर मोझार्टचा सोनाटा वाजवला. कायमचे फाटलेल्या मैत्रीचे हे चित्र नव्हे. निदान त्या आठवड्यापुरते तरी नव्हे.

(२४)
आणि पहिल्या रात्रीबद्दल पत्रात आहे ते असे : चांदण्यांनी भरलेल्या आभाळाखाली, दिवे मालवलेल्या शहरातून हायझेनबर्ग चालत बोर यांच्या घरी गेले. बोलणे काळाच्या दुःखद घडामोडींकडे वळले. बोर यांच्यासारख्या थोर मनुष्यालाही विचार, भावना आणि द्वेष पूर्णपणे वेगळे ठेवता येत नाहीत, असे त्यांनी पत्नीला लिहिले; आणि बहुधा ते तसे वेगळे ठेवूही नयेत, अशी पुस्तीही जोडली. मग दोघेच बराच वेळ बसले. काय बोलले, त्याची एक ओळही नाही. युद्धकाळात तशी ओळ पत्रात येणार तरी कशी? मध्यरात्र उलटल्यावर बोर आणि त्यांचा मुलगा हान्स पाहुण्याला ट्रामपर्यंत सोडायला गेले.